हर्शेलची वीस फुटी दुर्बीण: आरसा तयार झाला, पण तो टांगायचा कशावर?

घरी दुर्बीण बनवणाऱ्यांच्या गप्पांत आरशाला फार मान असतो. कुठल्या नंबरच्या पावडरने घासला, पॉलिशला किती तास लागले, कड खाली गेली का, यावर रात्र सरते. तो आरसा ज्याच्यावर उभा राहणार त्या बैठकीचा, म्हणजे माउंटचा, विषय अगदी शेवटी निघतो आणि माउंट बहुतेकदा उरलेल्या प्लायवूडमधून बनतो. चार-सहा इंची आरशाला हे खपून जातं. आरसा मोठा झाला की नाही खपत. चंद्र दिसतो, पण थरथरत दिसतो. शनी सापडतो आणि हात काढताच क्षेत्राबाहेर जातो. मग माणूस आरशाला दोष देतो.

म्हणून विल्यम हर्शेलच्या वीस फुटी दुर्बिणीचं प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं. युरेनस त्याने सात फुटी दुर्बिणीतून शोधला आणि चाळीस फुटी दुर्बिणीमुळे तो युरोपभर गाजला. पण खगोलशास्त्रावर त्याचं जे खरं ऋण आहे, ते जवळजवळ सगळं या मधल्या दुर्बिणीवर उभं राहिलं. त्यात आरशाइतकाच वाटा तिच्या लाकडी सांगाड्याचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

हर्शेल हॅनोव्हरचा, जन्म १७३८ चा. पेशाने संगीतकार. इंग्लंडमधल्या बाथ शहरात तो ऑक्टॅगन चॅपलमध्ये ऑर्गन वाजवायचा, संगीताच्या शिकवण्या घ्यायचा आणि उरलेल्या वेळात आरसे घासायचा. १७७२ मध्ये त्याने धाकट्या बहिणीला, कॅरोलिनला, बाथला आणलं. १३ मार्च १७८१ च्या रात्री त्याला युरेनस दिसला. राजा तिसरा जॉर्ज याने वर्षाला २०० पौंड लावून दिले आणि १७८२ मध्ये भाऊ-बहीण विंडसरजवळच्या डॅचेट गावी राहायला गेले. वीस फुटीचं बांधकाम त्या घराच्या आवारातलं आहे. तिथे ना वेधशाळेचा घुमट होता ना पक्की इमारत. ओल्या जमिनीवर उघड्यावर ही दुर्बीण उभी राहिली.

तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे दुर्बिणीचं नाव तिच्या नाभीय अंतरावरून पडायचं. वीस फुटी म्हणजे आरसा प्रकाश वीस फुटांवर एकत्र आणतो आणि नळीही साधारण तेवढीच लांब. हर्शेलने अशी एक दुर्बीण बाथमध्ये आधीच केली होती. तिचा आरसा बारा इंची होता आणि नळी एका उंच खांबाला दोरांनी टांगलेली होती. बघायला शिडीवर चढायचं. एका खांबाला टांगलेली लांब नळी वाऱ्याच्या झुळकीसरशी काय करत असेल, हे सांगायला नको. तिच्यातून दिसायचं, पण शिडीवर तोल सांभाळत रात्रभर शिस्तीने काम करणं शक्य नव्हतं.

डॅचेटला त्याने पावणेएकोणीस इंचांच्या आसपासचा आरसा घेतला. काच नव्हे, तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू. आता खांब पुरणार नव्हता.

इथे एक हिशोब मांडतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. वीस फूट म्हणजे सहा मीटरहून थोडं जास्त. इतक्या लांब नळीचं एक टोक ०.०३ मिलिमीटर सरकलं, तर तिची दिशा एका विकलेने बदलते. अंशाचा साठावा भाग कला आणि कलेचा साठावा भाग विकला. ०.०३ मिलिमीटर म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीहूनही कमी. हर्शेल आकाश धुंडाळताना १५७ पट विवर्धन वापरायचा. नळीची ती एक विकला त्याच्या डोळ्यापाशी पोचेपर्यंत १५७ विकला, म्हणजे अडीच कलांहून जास्त होते. चांगल्या नजरेला एका कलेचा फरक कळतो. थोडक्यात, केसापेक्षा कमी हालचालसुद्धा बघणाऱ्याला दिसणारच. अशी नळी रात्री उघड्यावर, वाऱ्यात, माणसाने हाताळत असताना स्थिर ठेवायची होती, आणि तीही लाकूड, दोर आणि लोखंडी खिळे-बोल्ट यांच्या जोरावर.

सांगाडा

हर्शेलने नळी मध्यावर धरली नाही. आजचे बहुतेक हौशी माउंट नळीला गुरुत्वमध्यापाशी धरतात, दोन्ही बाजूंना गोल बेअरिंग लावून. छोट्या नळीला ते सोयीचं आहे. पण आधार मध्यावर आणि एकमेकांजवळ असले, की तिथल्या किंचित ढिलाईचा दिशेवर मोठा परिणाम होतो. हर्शेलने नळीची दोन्ही टोकं पकडली. खालचं, आरशाचं जड टोक जमिनीलगत एका सरकत्या आधारावर टेकवलं. वरचं टोक उंच आडव्या तुळईवरून आलेल्या कप्प्या आणि दोरांना टांगलं. दोन आधारांत जवळजवळ वीस फुटांचं अंतर पडलं, त्यामुळे एखादा आधार अर्धा मिलिमीटर हलला तरी दिशेतला फरक वीस फुटांत विभागला जायचा. भरपूर ताकद न वापरता कडकपणा मिळवण्याची ही जागा आहे, आणि सगळ्या रचनेत मला हीच सर्वांत आवडते.

तुळई पेलायला दोन्ही बाजूंना शिड्यांच्या जोड्या होत्या. आपल्याकडे रंगारी वापरतात त्या घोडीसारख्या, पाय फाकवून वर जुळणाऱ्या, फक्त घराएवढ्या उंच. त्रिकोण करून उभं केलेलं लाकूड वाकत नाही. त्याला वाकायचं तर आधी लांबी बदलावी लागते, आणि लाकडाची लांबी सहजासहजी बदलत नाही. तिरप्या ताणांनी त्या घोड्या एकमेकींना जखडल्या होत्या. समोरच्या बाजूला बघणाऱ्यासाठी वर-खाली सरकणारी गॅलरी होती. हा अख्खा डोलारा खालच्या लाकडी चौकटीवर, आणि चौकट रुळांवर. जात्याची वरची तळी जशी खुंट्याभोवती फिरते, तसा हा सांगाडा मधल्या खुंट्याभोवती फिरवता यायचा.

म्हणजे हालचाली दोनच: आडवी आणि उभी. ताऱ्यांच्या वाटेमागे आपोआप फिरणारा तिरपा अक्ष त्याने घेतला नाही. विंडसरच्या अक्षांशाला तो अक्ष जमिनीशी साडेएकावन्न अंशांच्या आसपास तिरका बसला असता आणि त्यावर ही नळी एका बाजूला लोंबकळली असती. लाकडात तसं काही करणं म्हणजे लवचीकपणाला आमंत्रण. आज घरी मोठी दुर्बीण करणारा आडवी-उभी साधी पेटी निवडतो, ती याच कारणाने.

एक उणीव मात्र राहिलीच. गॅलरी त्याच सांगाड्याचा भाग होती, त्यामुळे बघणाऱ्याने पाय बदलला तर तो धक्का लाकडातून नळीपर्यंत पोचणार. यावर तोडगा एकच, न हलता उभं राहणं. हर्शेल तासन् तास तसा उभा राहायचा. डॅचेटच्या दमट हवेत हिवतापाची धास्ती होती म्हणून चेहऱ्याला आणि हातांना कच्चा कांदा चोळायचा, असं कॅरोलिनने लिहून ठेवलं आहे.

पडझड

दुर्बीण १७८३ च्या ऑक्टोबरात वापरात आली, पण सांगाडा तेव्हा पुरता झालेला नव्हता. हर्शेलला धीर नव्हता. गॅलरीऐवजी तात्पुरती आडवी फळी, त्यावर पंधराएक फूट उंचीवर हा उभा. एका वादळी रात्री तो खाली उतरून पाय टेकतो न टेकतो तोच सगळा सांगाडा कोसळला. मजुरांना उठवून आरसा ढिगाऱ्यातून काढावा लागला. आरसा सुदैवाने शाबूत होता.

सांगाडा का पडला, याची चिकित्सा कॅरोलिनने केलेली नाही. माझा अंदाज असा की तिरपे ताण पूर्ण बसण्याआधीच त्यावर वजन चढलं होतं. चार बाजूंची चौकट नुसत्या सांध्यांच्या भरवशावर उभी असते. एका बाजूने जोर आला की ती तिरकी होते, आणि एकदा तिरकी झाली की स्वतःच्या वजनानेच पुढे झुकत जाते. त्रिकोण पुरा होईपर्यंत कुठलाही माउंट माउंट नसतो. प्लायवूडची पेटी बनवतानाही हाच अनुभव येतो. पुढची आडवी फळी लावेपर्यंत पेटी हाताने ढकलली तरी डुलते. ती फळी बसली की खांब झाल्यासारखी ताठ.

दुसरा अपघात याहून वाईट. ३१ डिसेंबर १७८३ ची रात्र, जमिनीवर फूटभर वितळता बर्फ. दहाच्या सुमारास तारे दिसू लागले. हर्शेल वर नळीच्या तोंडाशी होता. त्याने कॅरोलिनला खालच्या टोकाची बाजूची हालचाल बदलायला सांगितली. ती हालचाल देणाऱ्या यंत्राच्या दोन्ही टोकांना खाटकाकडे मांस टांगायला असतात तसे लोखंडी आकडे होते. अंधारात धावताना कॅरोलिन बर्फावरून घसरली आणि एक आकडा तिच्या उजव्या पायात, गुडघ्याच्या वर घुसला. भाऊ वरून लवकर कर म्हणत होता आणि तिच्या तोंडून अडकल्याचा हुंदका निघाला. सोडवताना दोन औंसांच्या जवळपास मांस आकड्यावरच राहिलं. तिला त्यातल्या त्यात समाधान कसलं वाटलं, तर उरलेली रात्र ढगाळ गेली आणि भावाचं निरीक्षण बुडलं नाही.

हे वाचताना मला दरवेळी गलबलून येतं. आणि मग बांधणारा म्हणून वाटतं, माउंटचा आराखडा फक्त दुर्बिणीचा नसतो. अंधारात तिच्याभोवती वावरणाऱ्या माणसाचाही तो असतो. पुढे सेरेस हा पहिला लघुग्रह शोधणारा जुझेप्पे पियाझ्झी हर्शेलला भेटायला आला, तेव्हा तोही दातेरी दांड्याला अडखळून नडगी सोलून घेऊन गेला. बाहेर आलेले दांडे, उघडे आकडे, पायात येणारे दोर या गोष्टी दिवसा दिसतात, म्हणून दिवसा कोणी त्यांना भीत नाही.

वापर बदलला, माउंट सापडला

प्रकरणाचं खरं वळण सुतारकामात नाही. सुरुवातीला हर्शेल नळी हाताने आडवी हलवायचा, बारा ते चौदा अंशांच्या पट्ट्यात, एका बाजूकडून दुसरीकडे. मग थोडी वर किंवा खाली करायची आणि पुन्हा पट्टा. अशा एकेचाळीस फेऱ्या त्याने केल्या. शरीर थकायचं. शिवाय दिसलेलं टिपून घ्यायला दिव्याकडे बघावं लागायचं आणि अंधाराला सरावलेले डोळे दिपायचे. आडवी हालचाल ही या सांगाड्याची सर्वांत दुबळी बाजूही होती. वर दोरांना टांगलेली नळी झोक्यासारखी आडवीच जास्त सहज हलते.

१७८३ संपता संपता त्याने ही पद्धत सोडून दिली. नळी दक्षिणोत्तर रेषेत उभी करून ठेवायची आणि आडवं फिरवण्याचं काम पृथ्वीवर सोपवायचं. तारे आपोआप पुढे सरकत येतात. माणसाने फक्त नळी सुमारे दोन अंशांच्या पट्ट्यात सावकाश वर-खाली करायची. हे काम खाली बसलेला एक मजूर हँडल फिरवून करी. पट्ट्याचं टोक आलं की घंटी वाजे. हर्शेलचा डोळा नेत्रिकेवरून, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावरून, हलायचा नाही. त्याने ओरडून सांगायचं आणि जवळच खिडकीशी घड्याळ, तारकायादी आणि शाई घेऊन बसलेल्या कॅरोलिनने लिहायचं. नळीच्या उंचीची खूण दाखवणारी तबकडीही तिच्यासमोर होती.

या बदलाने माउंटचं काम किती हलकं झालं पाहा. अख्खा सांगाडा फिरवायची गरज क्वचित उरली, म्हणून तो जड आणि ताठ असून बिघडत नव्हतं. उभ्या हालचालीला वजनाचाच ताण असल्याने दोर कायम घट्ट राहायचे, ढिलेपणा उरायचा नाही. विहिरीवरची मोट भरलेली असते तेव्हा तिचा दोर जसा तारेसारखा ताठ असतो, तसा. दृश्यक्षेत्र होतं १५ कला ४ विकला. विषुववृत्ताजवळचा तारा ते क्षेत्र साधारण एका मिनिटात ओलांडतो. मजुराचा हात या लयीत चालला की पट्ट्यातली कुठलीही जागा सुटत नसे.

आणि अचूकता? ओलीने ताग आकसतो, लाकूड फुगतं, दोर ताणले जातात. अशा सांगाड्यावरून एखाद्या तारकामेघाची, म्हणजे धूसर डागासारख्या दिसणाऱ्या वस्तूची, नेमकी जागा कशी सांगणार? हर्शेलने ती थेट मोजलीच नाही. फेरीत फ्लॅमस्टीड या खगोलशास्त्रज्ञाच्या तारकायादीतला ओळखीचा तारा येऊन गेला की कॅरोलिन वेळ आणि उंची टिपून ठेवी. नवीन तारकामेघाचं अंतर त्या ताऱ्यापासून धरायचं. म्हणजे माउंट वर्षभर अचूक असण्याची गरजच नव्हती. दोन नोंदींमधल्या काही मिनिटांत तो बदलला नाही, एवढं पुरे होतं. मजबूत माउंटची इतकी स्वच्छ व्याख्या मला दुसरीकडे सापडलेली नाही.

फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ मेसिये याच्या १७८१ च्या यादीत अशा १०३ वस्तू होत्या. हर्शेलने १७८६ मध्ये एक हजार नव्या तारकामेघांची आणि तारकागुच्छांची यादी छापली, १७८९ मध्ये आणखी एक हजारांची आणि १८०२ मध्ये पाचशेंची. एकूण अडीच हजार.

दरम्यान घर दोनदा बदललं. १७८५ मध्ये ओल्ड विंडसरला क्ले हॉल, १७८६ च्या एप्रिलमध्ये स्लाव. कॅरोलिन लिहिते, क्ले हॉलमधल्या शेवटच्या रात्री उजाडेपर्यंत निरीक्षण चाललं आणि दुसऱ्या रात्री दुर्बीण स्लावला तयार उभी होती. वीस फुटी दुर्बीण, शिड्या, तुळई, दोर, रूळ, सगळं एका दिवसात सुटं करून पुन्हा उभारलं. सांधे सुटे करता येतील असे आणि तरी ताठ राहतील असे करणं हे सुताराचं कसब. माझ्या लेखी या माउंटची ही सर्वांत मोठी परीक्षा होती.

चाळीस फुटी

स्लावच्या आवारात त्याने याच आराखड्याची दुप्पट मोठी आवृत्ती उभी केली. राजाने एकूण ४,००० पौंड दिले. आरसा चार फुटी. नळी पातळ लोखंडी पत्र्याची, ३९ फूट ४ इंच लांब आणि ४ फूट १० इंच व्यासाची, म्हणजे वाकून माणूस आत चालू शकेल अशी. पायासाठी विटांच्या दोन समकेंद्री गोल भिंती, बाहेरची ४२ फूट व्यासाची, आतली २१ फूट, वर दगडी फरशी आणि त्यावर रूळ. शिड्यांची उंची पन्नास फुटांच्या घरात. एकही बोल्ट हर्शेलच्या नजरेआड बसला नाही. वरच्या तुळईवर भर उन्हात आडवा पडून तो लोखंडी काम बसवून घ्यायचा, हे कॅरोलिनने पाहिलं होतं.

पहिला आरसा पातळ निघाला, आकार धरेना. नंतरचा जाड, सुमारे टनभर वजनाचा. २८ ऑगस्ट १७८९ रोजी तिच्यातून शनीचा उपग्रह एन्सेलाडस आणि पुढच्या महिन्यात मायमास मिळाला. माउंट बांधकाम म्हणून उत्तम होता, यात शंका नाही. पन्नास वर्षं तो उघड्यावर उभा राहिला आणि कोसळला नाही. पण काम? तयारीला वेळ लागायचा, माणसं जास्त लागायची, धातूचा जाड आरसा हवेच्या उष्णतेशी जुळायला उशीर करायचा, त्यावर दव बसायचं आणि तो लवकर काळवंडायचा. इंग्लंडच्या आकाशात स्वच्छ तास मोजके. ते तास हर्शेल वीस फुटीलाच देत राहिला, कारण ती लगेच तयार व्हायची. भक्कमपणा दोन्हीकडे होता. एका माणसाच्या रात्रीत बसणारा भक्कमपणा मात्र फक्त लहान दुर्बिणीकडे होता.

हे नुसतं हर्शेलचं राहिलं नाही. त्याचा मुलगा जॉन याने १८२० मध्ये वडिलांच्या देखरेखीखाली वीस फुटी नव्याने केली, आरसा नवा, सांगाड्याची रीत तीच. १८३३ मध्ये तो ती गलबतावर चढवून दक्षिण आफ्रिकेला घेऊन गेला आणि १८३४ पासून चार वर्षं केप टाउनजवळ फेल्डहाउझेन इथे दक्षिणेचं आकाश त्याच फेऱ्यांनी पालथं घातलं. माद्रिदसाठी हर्शेलने बनवलेली पंचवीस फुटी मात्र १८०८ मध्ये फ्रेंच सैन्याच्या हाती लागून नष्ट झाली. तिचे आराखडे वाचले, म्हणून तिथे आज तिची प्रतिकृती उभी करता आली.

जॉन केपहून परतला तोवर स्लावच्या चाळीस फुटीचं लाकूड कुजलं होतं. घरच्या मुलांच्या अंगावर ते कोसळेल या भीतीने त्याने ती उतरवायचं ठरवलं. १८३९ च्या शेवटच्या संध्याकाळी सगळं कुटुंब आडव्या ठेवलेल्या नळीत बसलं आणि जॉनने रचलेलं निरोपाचं गाणं त्यांनी म्हटलं. त्या नळीचा दहा फुटांचा तुकडा ग्रिनिचला आहे. त्याआधी, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, जॉनने काचेवर छायाचित्र घेण्याचा प्रयोग केला होता. काचेवरच्या अगदी पहिल्या छायाचित्रांपैकी ते एक. त्यात ना आरसा दिसतो ना आकाश. धूसर काचेवर उठल्या आहेत त्या एकमेकींना टेकलेल्या शिड्या आणि वरची तुळई.